एकाच अल्बमच्या तीन सीडी : जॅझ रिमास्टर तपासतानाच्या नोंदी

२ जून

माझ्याकडे जॅझचे नऊ अल्बम असे आहेत, ज्यांच्या प्रत्येकी दोन-तीन सीडी साठल्या आहेत. पहिली बहुधा ऐंशीच्या दशकातली, दुसरी नव्वदीतली, '२० बिट' किंवा '२४ बिट' असं ठसठशीत छापलेली, तिसरी त्यानंतरची, जाड पुठ्ठ्याच्या कव्हरातली. नंतरच्या सीडी बहुधा रिमास्टर, म्हणजे त्याच मुद्रणाचा आवाज टेपवरून घेऊन नव्याने तयार केलेल्या आवृत्त्या. पाच अल्बमच्या तीन-तीन, चारांच्या दोन-दोन, एकूण २३ डिस्क. कोणत्या अल्बमची कोणती सीडी ऐकायला ठेवायची हे एकदा नीट ठरवायचं आहे. मन लावून ऐकायचं आणि जे ठरेल ते कशामुळे ठरलं ते लिहून ठेवायचं. हेच काम दुसऱ्या कोणाला करायचं असेल तर माझ्या चुका तरी वाचतील.

आज पहिली फेरी केली. सरळ सीडी प्लेअरवर एकामागून एक डिस्क लावल्या, आवाजाच्या बटणाला हात लावला नाही. नऊपैकी सात अल्बममध्ये सगळ्यात नवी सीडी आवडली. वहीत लिहिलं : 'भरदार, जवळचा आवाज, बास मोकळा.' हा निकाल पुढे टिकला नाही, पण खोडत नाही. तो कशामुळे आला ते तीन दिवसांनी कळलं.

३ जून

सगळ्या डिस्क संगणकावर घ्यायला सुरुवात. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम वापरतोय, सिक्युअर मोडमध्ये. हा मोड शंका आली की तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतो. अॅक्युरेटरिप चालू ठेवलंय, म्हणजे इतरांनी त्याच डिस्कवरून घेतलेल्या फाइलींशी आपली जुळते का ते कळतं. एका डिस्कवर ओरखडा होता. तिच्या शेवटच्या ट्रॅकला दोन तास लागले आणि तरी तो जुळला नाही. डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसली, गोल फिरवून नाही, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली. तिथे सात मिनिटांत जुळला. एकाच ड्राइव्हवर हट्ट धरू नये.

५ जून

२३ डिस्क संपल्या. आज सगळ्यांवर रिप्लेगेन चालवलं, म्हणजे सगळ्या फाइली सारख्या जोराने वाजाव्यात यासाठी प्रत्येक किती डेसिबल वर-खाली करावी लागेल ते मोजलं, आणि पहिल्या फेरीचा निकाल जागेवरच कोसळला.

एका अल्बमची ऐंशीच्या दशकातली सीडी : उणे १.३ डेसिबल. त्याच अल्बमची सगळ्यात नवी : उणे ७.९. म्हणजे नवी डिस्क साडेसहा डेसिबलहून अधिक मोठ्याने वाजते. मला जे भरदार आणि जवळचं वाटलं ते बहुतांशी एवढंच होतं. आवाज थोडा जरी मोठा असला तरी कानाला तो चांगला वाटतो, मोठा आहे म्हणून ओळखूच येत नाही. खर्ज वाढल्यासारखा वाटतो, झांजा उजळ वाटतात.

मग चूक केली ती अशी. सगळ्या फाइलींचं शिखर, म्हणजे सर्वात उंच बिंदू, एकाच पातळीवर आणून ठेवला आणि समजलो की आता सारखं झालं. संध्याकाळभर ऐकलं. नव्या डिस्क तरीही पुढे. रात्री आवाजाच्या लहरींचं चित्र मोठं करून पाहिलं तेव्हा उलगडलं. नव्या फाइलीत शिखरं छाटलेली आहेत, त्यामुळे त्यांच्या खालचा सगळा आवाज वर उचलला गेलाय. शिखर जुळवून काही साधत नाही, सरासरी जोर जुळवावा लागतो.

ही छाटणी नेमकी कशी दिसते ते सांगतो, कारण मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. एका ट्रॅकमध्ये दुसऱ्या मिनिटाला ड्रमर स्नेअरवर, म्हणजे समोरच्या पसरट ड्रमवर, एक थाप मारतो, एकटीच, मागेपुढे शांतता. जुन्या डिस्कवर ती थाप सुईसारखी उभी राहते, मग उतरते. नव्या डिस्कवर तीच थाप एका ठरावीक उंचीला जाऊन थांबते आणि माथा सपाट होतो. ऐकताना जुन्यात काठी कातड्यावर आपटलेली कळते, नव्यात नुसता 'थप्प' कळतो.

६ जून

जोर जुळवून पुन्हा ऐकलं. नियम असा : मोठी फाइल खाली आणायची, लहान वर न्यायची नाही, नाहीतर आपल्याच हाताने शिखरं छाटली जातात. सातपैकी चार अल्बमचा निकाल बदलला. तीनांमध्ये नवी डिस्क जोर जुळवल्यावरही सरस राहिली. म्हणजे 'जुनी ती चांगली' हा नियमही धरता येत नाही.

कव्हरवरच्या '२४ बिट'बद्दल एक गोष्ट इथेच नोंदवतो. सीडीवर शेवटी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झच असतात. कव्हरवरचा आकडा टेप डिजिटल करतानाच्या कामाचा असतो. ते काम कोणत्या टेपवरून झालं, मूळ की नकलेची नक्कल, हे त्या आकड्यातून कळत नाही. आणि सगळ्यात जास्त फरक पडतो तो टेपने. पहिल्या काही वर्षांत अनेक सीडी एलपीसाठी बनवलेल्या टेपांवरून निघाल्या. एलपीची सुई नीट चालावी म्हणून त्या टेपांत खर्ज आधीच कमी केलेला असे.

८ जून

दोन जुन्या डिस्क फारच बोचऱ्या वाजत होत्या. सिम्बल कानात टोचत होते, ट्रम्पेट पत्र्यासारखा. दोन्ही बाद करून टाकल्या होत्या. आज सहज त्यातली एक संगणकाऐवजी सीडी प्लेअरवर लावली आणि आवाज मऊ, स्वच्छ, छान आला. तीच डिस्क!

कारण प्री-एम्फसिस. सुरुवातीच्या काही सीडींमध्ये वरचे स्वर मुद्दाम उचलून ठेवलेले असत आणि डिस्कवर तशी एक निशाणी असे. प्लेअर ती निशाणी वाचून वाजवताना वरचे स्वर परत खाली आणतो, आणि त्याबरोबर वरची सळसळही थोडी खाली जाते. संगणकाने डिस्क नुसती उतरवून घेतली तर उचललेले स्वर तसेच राहतात. हे उचलणं साधंसुधं नाही : ५ किलोहर्ट्झला साडेचार डेसिबल, १० ला साडेसात, २० पाशी साडेनऊ.

मग मला ते आधी का दिसलं नाही? निशाणी दोन जागी असू शकते, डिस्कच्या सुरुवातीच्या अनुक्रमणिकेत आणि आवाजाबरोबर वाहणाऱ्या सबकोडमध्ये. माझ्या एका डिस्कवर ती फक्त सबकोडमध्ये होती, आणि मी अनुक्रमणिकेपुरतंच पाहिलं होतं. आता तपासणी सीडीआरडीएओ या प्रोग्रामने करतोय, ते सबकोडही वाचतं.

उपाय : सॉक्स या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममधला, उचललेले स्वर खाली आणणारा 'डीएम्फ' हा फिल्टर. पण परिणाम १६ बिटमध्ये परत कोंबू नका, २४ बिटची फाइल करा. त्यानंतर रिप्लेगेन पुन्हा मोजा, आधीचा आकडा उचललेल्या स्वरांचा होता. दोन्ही डिस्क स्पर्धेत परत आल्या आणि त्यातली एक तर त्या अल्बमची सर्वात चांगली निघाली. जुन्या डिस्कबद्दल 'फार तीक्ष्ण' असा शेरा कुठे ऐकला तर मी आता आधी विचारतो, फाइल ऐकली होती की डिस्क?

११ ते १४ जून

चार दिवस गेले आणि हाती काही लागलं नाही.

कल्पना अशी होती : एकाच अल्बमच्या दोन आवृत्त्या घ्यायच्या, एकीची लहर उलटी करून दुसरीत मिळवायची, जे उरेल तोच फरक. कागदावर हे चोख आहे. प्रत्यक्षात दोन्ही फाइली सुरुवातीला अगदी नमुन्याला नमुना (डिजिटल आवाजातला एकेक मोजलेला बिंदू) जुळवल्या तरी पाचव्या मिनिटाच्या अखेरीस त्या एकमेकींपासून १५० मिलिसेकंद सरकल्या होत्या. टेप दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या यंत्रांवर चालली. दोन्हींचा वेग अचूक सारखा असणं शक्य नाही.

मग मी एक फाइल ताणून बघितली. शेवट जुळला, मधला भाग हलला. यंत्राचा वेग सरळ रेषेत चुकत नाही, डुलत राहतो. तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा ताणायला लागलो तेव्हा थांबलो. वेगवेगळ्या वेळी टेपवरून घेतलेल्या दोन आवृत्त्यांना वजाबाकी लावू नये. कुठे लावावी ते २९ तारखेच्या नोंदीत आहे.

१५ जून

फूबार या संगीत वाजवण्याच्या प्रोग्राममधलं एबीएक्स सुरू केलं. यंत्र 'क्ष' म्हणून दोनपैकी एक फाइल वाजवतं, आपण कोणती ते सांगायचं. १६ वेळा. नुसत्या अंदाजाने १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते, म्हणून १२ ही माझी सीमा.

पहिल्याच जोडीला १६ पैकी १६. फार आनंद झाला. दुसऱ्या जोडीला पुन्हा १६. तिसरीला डोळे मिटून करताना लक्षात आलं की मी सॅक्सोफोन ऐकतच नव्हतो. एक फाइल बटण दाबल्यावर जरा उशिरा सुरू होत होती, ती मोकळी जागा मी ओळखत होतो. सुरुवातीचं अंतर ४० मिलिसेकंदांचं. दोन्ही निकाल रद्द.

आता प्रत्येक ट्रॅकमधून ओळखीच्या स्वरापासून २० सेकंदांचे तुकडे कापतो, दोन्हींची सुरुवात त्या स्वराच्या आघातावर. एवढ्या लहान तुकड्यात टेपच्या सरकण्याचा त्रास होत नाही. रद्द केलेल्या जोड्या पुन्हा घेतल्या : एक १४, दुसरी ९. म्हणजे दुसऱ्या जोडीतल्या दोन डिस्क मला वेगळ्या ओळखताच येत नाहीत. त्यांतली कोणतीही ठेवली तरी चालेल. हे कळणंही कामाचं आहे.

१८ जून

जोर जुळवण्यात अजून एक दुरुस्ती. एका आवृत्तीत खर्ज वाढवलेला असेल तर पूर्ण फाइलीचा सरासरी जोर जुळवताना तिचा मधला भाग खाली जातो, आणि मग ती 'मागे सरकलेली' वाटते. म्हणून ५०० ते २००० हर्ट्झ एवढाच पट्टा मोजून तो जुळवला. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानोचा उजवा हात, सगळं तिथेच राहतं. यानंतर खर्ज जास्त की कमी ते साफ ऐकू येतं.

२० जून

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'. माझ्याकडे दोन डिस्क, एक ऐंशीच्या दशकातली, एक १९९७ नंतरची. जोर जुळवला, तुकडे कापले, ऐकलं. 'सो व्हॉट'मध्ये मी पुन्हा पुन्हा जुनीच निवडत होतो. वहीत लिहिलं : 'तरतरीत, उत्साही. नवी किंचित सुस्त.' 'ऑल ब्लूज'ला मात्र असं काही वाटलं नाही.

हा फरक बाजूचा आहे हे लक्षात यायला अर्धा तास लागला. एलपीच्या पहिल्या बाजूचे तिन्ही ट्रॅक, 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन', २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या थर्टीएथ स्ट्रीट स्टुडिओत मुद्रित झाले. दुसरी बाजू २२ एप्रिलला. २ मार्चला मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. हळू मुद्रित केलेलं नेहमीच्या वेगाने वाजवलं की सूर चढतो. शेजारी जादा प्रत म्हणून दुसरं यंत्र चालू होतं, त्याचा वेग बरोबर होता. १९९२ मध्ये त्या जादा टेपांवरून पहिल्यांदा योग्य सुरातली आवृत्ती निघाली आणि १९९७ पासून ती सर्वसाधारण झाली. त्याआधीची तीसहून अधिक वर्षं लोकांनी ही बाजू चढ्या सुरात ऐकली, वादकांनी तिच्याबरोबर सराव केला.

मला जी तरतरी वाटली ती चढ्या सुराची आणि थोड्या जलद लयीची होती. खात्रीसाठी जुन्या फाइलीचा वेग सॉक्सने थोडा थोडा उतरवत बिल एव्हान्सच्या पियानोचे स्वर नव्या फाइलीशी जुळवले. जुळल्यावर 'सुस्त' हा शेरा मला पुन्हा लिहिता आला नाही. उलट पॉल चेंबर्सचा बास नव्या डिस्कवर अधिक लाकडाचा वाटला. थाप सुटल्यावर तार थरथरते, आणि त्या स्वराची आस पुढचा स्वर येईपर्यंत मागे राहते.

एक सावधगिरी : १९९७ ची आवृत्ती तीन पट्ट्यांच्या टेपवरून नव्याने मिसळलेली आहे. मिसळणं बदललं की वाद्यांचं आपापसातलं प्रमाण आणि मागची गुंज दोन्ही बदलतात. त्यामुळे ही तुलना निव्वळ दोन रिमास्टरांची राहत नाही. ती स्टुडिओची इमारत आधी चर्च होती, छत उंच, त्यामुळे गुंजेतला फरक इथे फार बोलतो. नवी ठेवली.

२४ जून

आज सर्वात महत्त्वाची नोंद. एका क्लबमध्ये थेट मुद्रित झालेल्या त्रिकुटाचा अल्बम, तीन डिस्क. नाव देत नाही, कारण दोष एका आवृत्तीचा आहे, संगीताचा नाही.

मी गेले दहा दिवस एकट्याने ऐकतोय आणि कान थकलेत हे जाणवत होतं. म्हणून बहिणीला बसवलं. ती जॅझ ऐकत नाही. फाइलींना नुसते एक, दोन, तीन असे आकडे दिले, क्रम तिनेच चिठ्ठ्या टाकून ठरवला. बासचा एकल तुकडा लावला. तिसरी फाइल संपल्यावर ती म्हणाली,

"दादा, या तिसऱ्यात माणसं उठून गेली का रे?"

"कुठली माणसं?"

"अरे, आधीच्या दोन्हींत मागे कोणीतरी ग्लास ठेवत होतं, कोणी हळू बोलत होतं. इथे तो वाजवायचा थांबला की खोलीच बंद होते."

मी हा तुकडा निदान तीस वेळा ऐकला होता. माझं सगळं लक्ष बासवर, आणि बासच्या भोवती काय होतं ते ऐकायचं राहूनच गेलं. तिने सांगितल्यावर पुन्हा लावलं तर दुसरं काही ऐकूच येईना. पहिल्या फाइलीत बासची तार सुटते, स्वर विरत जातो आणि विरता विरता टेपच्या सळसळीत मिसळतो. सळसळ अखंड आहे, पावसासारखी, तिच्या आत कुजबुज आणि काचेचा बारीक आवाज. तिसऱ्या फाइलीत स्वर एका ठरावीक पातळीखाली गेला की सगळं एकदम मिटतं. पुढचा स्वर येतो तेव्हा त्याच्याभोवती सळसळीची झालर परत उगवते आणि स्वराबरोबर पुन्हा जाते. ब्रशने स्नेअरवर घेतलेली फेरी अर्ध्यात तुटते.

हे सळसळ काढण्याच्या प्रक्रियेचं काम आहे. मुद्रण करतानाच सळसळ कमी ठेवणारी डॉल्बीची पहिली पद्धत १९६० च्या दशकाच्या मध्यावर आली, त्याआधीच्या प्रत्येक टेपवर सळसळ असतेच. ती काढायला गेलं की तिच्याइतक्याच हळू असलेल्या गोष्टी तिच्याबरोबर जातात, म्हणजे सिम्बलची शेवटची आस, पियानोच्या पेडलखाली उरलेला स्वर, माणसं. स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या उंचीचे स्वर किती आहेत ते दाखवणारं चित्र, पाहून खात्री केली : तिसऱ्या फाइलीत स्वरांच्या मधल्या फटीत ८ किलोहर्ट्झच्या वर काळोख आहे, पहिल्या दोन्हींत तिथे एकसारखा राखाडी पट्टा.

आतापर्यंत मी कमी सळसळ म्हणजे चांगलं रिमास्टर असं धरत होतो आणि त्या खात्यात तिसऱ्या डिस्कला पूर्ण गुण दिले होते. सगळ्या थेट मुद्रणांचे त्या खात्यातले गुण आज काढून टाकले.

नंतर तिला बिल एव्हान्सच्या त्रिकुटाचं २५ जून १९६१ चं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमधलं वादन लावून दिलं. तो रविवार होता, दुपारी आणि संध्याकाळी मिळून पाच बैठका झाल्या. त्यातही ग्लास, हसणं, बोलणं सगळं आहे. बासवर स्कॉट लाफारो होता आणि त्यानंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, तो मोटार अपघातात गेला. हे सांगितल्यावर ती काही बोलली नाही, डिस्क संपेपर्यंत बसून राहिली. त्या दिवशी टेबलाशी बोलत बसलेल्या लोकांना आपण काय ऐकतोय ते माहीत नव्हतं. त्यांचा आवाज पुसून टाकायचा हक्क कोणाला आहे असं मला वाटत नाही.

२५ जून

कालच्या शोधानंतर थेट मुद्रणांच्या उरलेल्या डिस्क फटी तपासून पुन्हा पाहिल्या. अजून एक अशी निघाली. बाकी ठीक.

२९ जून

एका अल्बमची साधी सीडी आणि त्याचीच एसएचएम-सीडी. एसएचएममध्ये डिस्कचं प्लास्टिक जास्त पारदर्शक असतं, आतले आकडे कोणत्याही साध्या सीडीसारखेच. दोन्हींवर रिमास्टरचं साल एकच छापलेलं. जास्त खर्च करून घेतली होती, त्यामुळे ती चांगली निघावी अशी मनात इच्छा होती, हेही नोंदवून ठेवतो.

चेकसम, म्हणजे फाइलीतल्या सगळ्या आकड्यांवरून काढलेली ओळख-संख्या, जुळले नाहीत. म्हणजे वेगळं मास्टरिंग, असं लिहूनही टाकलं. मग दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं की एक दुसरीपेक्षा काही शे नमुने उशिरा सुरू होते, बाकी आकार तोच. वेगवेगळ्या छपाईत असा सरकलेपणा नेहमीचा. तो काढला आणि वजाबाकी केली : संपूर्ण शून्य, पहिल्या नमुन्यापासून शेवटच्यापर्यंत. इथे वजाबाकी चालते, कारण दोन्ही एकाच डिजिटल फाइलीवरून आल्या आहेत. साधी ठेवली.

३ जुलै

१९५६ चा एक मोनो अल्बम. मोनो सीडीच्या डाव्या आणि उजव्या बाजू तंतोतंत सारख्या असायला हव्यात, म्हणून डावीतून उजवी वजा केली. एका डिस्कवर शांतता. दुसरीवर सळसळ उरली, आणि सळसळीबरोबर सॅक्सोफोनचे वरचे अंशही. त्यावरून कळतं की टेप स्टिरिओ हेडवरून (यंत्रातला टेप वाचणारा भाग) वाचली गेली आणि हेड टेपला काटकोनात नव्हतं, जरासं कललेलं होतं. एक बाजू दुसरीच्या दोन नमुने मागे पडली.

दोन नमुने म्हणजे ४५ मायक्रोसेकंद. क्षुल्लक वाटतात, पण दोन्ही बाजू एकत्र केल्या की ११ किलोहर्ट्झच्या आसपास स्वर एकमेकांना खातात, तिथे खड्डा पडतो. माझ्या अॅम्प्लिफायरवरचं मोनो बटण दाबल्यावर हीच डिस्क मंद का वाजायची, याचं उत्तर आज मिळालं. गेली कित्येक वर्षं मी ते बटण वाईट समजत होतो.

दुरुस्ती : एक बाजू दोन नमुने पुढे सरकवली, मग दोन्ही मिळवून अर्ध्या केल्या. संगीत एकावर एक बसतं, सळसळ दोन्ही बाजूंची वेगळी असल्यामुळे तेवढी बसत नाही, तीन डेसिबल खाली जाते. टेनर सॅक्सोफोन दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये येऊन उभा राहिला. आधी तो थोडा पसरट होता आणि मी त्या पसरटपणाला 'हवा' असं नाव दिलं होतं.

७ जुलै

ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरने मुद्रित केलेला एक अल्बम, तीन आवृत्त्या. १९५९ पर्यंत ते न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात मुद्रण करत, मग एंगलवूड क्लिफ्सला त्यांनी स्वतःचा स्टुडिओ बांधला. नव्वदीच्या अखेरीपासून त्यांनी आपल्याच जुन्या टेपांचं रिमास्टरिंग स्वतः केलं, त्या मालिकेवर त्यांच्या नावाची आद्याक्षरं असतात. माझ्या तीनपैकी एक त्यातली.

पियानो मला तिन्हींत डब्यात ठेवल्यासारखा वाटला. एक अख्खी संध्याकाळ ३ किलोहर्ट्झपाशी उचलून बघण्यात घालवली. पियानो उघडला नाही, ट्रम्पेट कर्कश झाला. वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या हातांनी झालेल्या तिन्ही आवृत्त्यांत जे सारखं आहे ते टेपवरच आहे, एवढं आधी लक्षात घ्यायला हवं होतं. पियानो सोडून दिला आणि तिन्हींमधल्या ट्रम्पेटचा आघात तेवढा तपासला. निकाल १६ पैकी १३, आद्याक्षरांची डिस्क ठेवली. थोडी मोठ्याने वाजते, पण आघात शाबूत आहे.

१२ जुलै

हिशोब. साधारण ७० तास लागले. त्यातले वजाबाकीचे चार दिवस, शिखर जुळवण्याची एक संध्याकाळ, रद्द झालेलं एबीएक्स आणि पियानोची संध्याकाळ धरून २५ तास वाया. खर्च एका जास्तीच्या ड्राइव्हचा, आणि ओरखडा पडलेली डिस्क वाचली नाही तर म्हणून घेतलेल्या दुसऱ्या प्रतीचा. तिची नंतर गरजच पडली नाही.

नऊपैकी आठ अल्बम ठरले. चारांची ऐंशीच्या दशकातली सीडी राहिली, त्यातली एक डीएम्फ करून. तिघांची नव्वदीतली. एकाचीच सर्वात नवी. पहिल्या दिवशीच्या यादीतल्या सात नव्यांपैकी फक्त एक टिकली. सहा जूनला सरस ठरलेल्या तीनपैकी दोन त्या फटी तपासताना गळाल्या, दोन्ही थेट मुद्रणं.

नववा अल्बम अडलाय. जुन्या डिस्कवर सिम्बलची आस पूर्ण आहे पण बास पातळ, बहुधा एलपीच्या टेपवरून घेतलेली. नव्या डिस्कवर बास जसा हवा तसा आहे आणि आस छाटलेली. दोन्ही ठेवल्या आहेत. त्याच मुद्रणाची मूळ टेपवरून घेतलेली, सळसळ न काढलेली आवृत्ती हाती लागली तर नोंद पुढे चालू करेन.

प्रत्येक डिस्कच्या मागे छोटी चिठ्ठी चिकटवली : रिप्लेगेनचा आकडा, प्री-एम्फसिस आहे की नाही, मोनो असेल तर सरकलेपणा किती, आणि कोणत्या ट्रॅकच्या कोणत्या सेकंदाला ऐकायचं. क्लबवाल्या त्रिकुटाच्या चिठ्ठीवर बहिणीने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय : 'ट्रॅक ३, मिनिट ४, माणसं आहेत.'